ओळीखालचं बोट

आजी वाचायची तेव्हा तिचं बोट ओळीखालून सरकायचं. उजव्या हाताची तर्जनी, खुरपून खुरपून घट्टे पडलेली, नखाच्या कडेला कायमची काळी रेघ. बोट अक्षराखाली थांबे, ओठ हलत, आवाज फुटे, मग बोट पुढे जाई. एखाद्या जोडाक्षरापाशी ते इतका वेळ थांबे, की शेजारी बसलेल्या मला वाटे, आजीला डुलकी लागली. ती जागीच असे. सुंभाची ओली गाठ नखाने सोडवावी तसं ते अक्षर ती मनात सोडवत असे. सुटलं की मान हलवून अख्खा शब्द दोनदा म्हणायची, एकदा स्वतःसाठी, एकदा माझ्यासाठी.

मी आता गणित शिकवते. फळ्यावर सिद्धता लिहून झाली की खडूने पांढरं झालेलं बोट पहिल्या ओळीखाली ठेवते आणि मुलांना म्हणते, चला, आता वाचू या. मुलं वहीत उतरवून घेण्याच्या घाईत असतात. मला मात्र दर वेळी ते बोट माझं वाटत नाही.

आमचं गाव नेवासे तालुक्यातलं. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासं आमच्या घरापासून एसटीने अर्ध्या तासावर. गीता मराठीत आली ती आमच्याच प्रवरेच्या काठावर, शके १२१२ मध्ये. पण आमचे पूर्वज गावकुसाबाहेरचे. तो ग्रंथ हातात घेऊन वाचण्याइतकं अक्षर आमच्या घरात यायला त्यानंतर सहाशे वर्षं लागली, आणि ते आलं मिशनच्या मास्तराबरोबर.

अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ साली काम सुरू केलं. सिंथिया फॅरार नावाची एक अविवाहित अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईत उतरली, १८३९ मध्ये नगरला आली, मुलींच्या शाळा चालवत राहिली आणि १८६२ साली नगरातच वारली. जोतिराव फुल्यांनी तिची शाळा पाहिली आणि मग पुण्यात मुलींची शाळा काढली, हे मराठी वाचकाला ठाऊक असतं. मिशनचे खेड्यातले मास्तर मात्र फारसे कुणाला ठाऊक नसतात. सोमवार ते शनिवार ते झाडाखाली किंवा पडवीत शाळा भरवत आणि रविवारी त्याच जागी उपासना चालवत. मिशनरी लोकांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, तो त्यांनी लपवलाही नाही. पण ज्या श्रद्धेचा गाभा एका ग्रंथात आहे, ती श्रद्धा कुणाला द्यायची तर आधी त्याला वाचता यावं लागतं. आमच्या लोकांच्या हातात धर्म आणि पाटी एकाच दिवशी आली. म्हणून आमच्या घरात अभ्यास आणि भक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मला लहानपणी वाटलंच नाही.

आजीला मात्र शाळा मिळाली नव्हती. ती लग्न होऊन आली, मुलं झाली, आजोबा गेले, आणि चाळिशी आल्यावर बायबलबाईने तिला गाठलं. बायबलबाई म्हणजे गावोगाव फिरून बायकांना शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवणारी, त्यांच्या चुलीपाशी बसून प्रार्थना करणारी आणि ज्यांना हवं त्यांना अक्षरं शिकवणारी बाई. दर गुरुवारी ती यायची. आजी म्हणाली, मला त्याचं नाव वाचायचंय. ‘येशू’ हा शब्द आठवड्यात आला; दोनच अक्षरं, दोन्ही सुटी. ‘ख्रिस्त’ येईना. त्यात ख-ला र चिकटलेला, स-ला त चिकटलेला. ज्याच्यासाठी शिकायला बसली त्याचंच नाव सगळ्यात अवघड. बायबलबाई म्हणायची, तो शब्द सोडून पुढे जा, हळूहळू येईल. आजी सोडेना. रात्री भाकरी झाल्यावर चुलीतल्या कोळशाने जमिनीवर ख्रि लिहायची, पायाने पुसायची, पुन्हा लिहायची.

पुढे तिचं आवडतं वाचन म्हणजे एकशे एकोणिसावं स्तोत्र. बायबलमधलं सगळ्यात लांब. बावीस कडवी, प्रत्येकात आठ ओव्या, एकूण १७६. मूळ हिब्रूत ते वर्णमालेवर बांधलेलं आहे. पहिल्या कडव्यातली प्रत्येक ओवी आलेफने सुरू होते, दुसऱ्यातली बेथने, असं बाविसाव्या अक्षरापर्यंत. तिच्या मोठ्या टायपाच्या शास्त्रात कडव्यांच्या डोक्यावर ती अक्षरं मराठीत छापली होती, आलेफ, बेथ, गिमेल, दालेथ. आजीला वाटायचं ही दाविदाच्या मुलांची नावं असावीत. पुढे एका पाळकसाहेबांनी सांगितलं, की ही त्यांची बाराखडी आहे. ते ऐकून तिला झालेला आनंद मला अजून दिसतो. म्हणजे ज्यानं हे लिहिलं, तोबी क-ख-ग पासूनच निघाला की, म्हणाली. शिकण्याचं, विसरण्याचं, पुन्हा विचारण्याचं ते स्तोत्र आहे. त्यात देवाला पुन्हा पुन्हा ‘मला शिकव’ म्हटलं आहे.

आता माझ्या शिक्षणाकडे येते. दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकले, नगरच्या एका बोर्डिंगमध्ये राहून. वडील माझ्या दहावीच्या आदल्या वर्षी गेले. आई एका दवाखान्यात आया होती. आमच्याकडे शिकलेली ख्रिस्ती मुलगी म्हणजे नर्स नाहीतर शिक्षिका, ही वाट ठरलेली. तिच्यावरून चालत कितीतरी घरं उभी राहिली आणि त्या वाटेला मी कधी कमी लेखणार नाही. मला मात्र गणित आवडायचं. १९९२ साली बारावी झाले आणि बीएस्सीला नाव घातलं.

मराठी माध्यमातल्या मुलांचं विज्ञान शाखेत काय होतं, हे त्यातून गेलेल्यालाच कळतं. गुणोत्तर, प्रमाण, वर्गमूळ, संपातबिंदू हे शब्द माझ्या हाडात होते. अकरावीला एका उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ते सगळे परके झाले. अकरावी-बारावी पाठांतरावर निभावली. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी रिअल अ‍ॅनालिसिस आलं आणि पाठांतर संपलं. बार्टल आणि शेरबर्टचं पुस्तक ग्रंथालयातून आणलं. तिथे आकडेच नव्हते. होती ती इंग्रजी वाक्यं, प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा असा असतो, की. मला ‘प्रत्येक’ आधी का आणि ‘एक’ नंतर का, हे कळत नव्हतं, आणि ते कळत नाही हेही सांगता येत नव्हतं, कारण प्रश्न इंग्रजीत विचारावा लागला असता.

जून १९९४ मध्ये निकाल लागला. तीन विषय राहिले होते. एटीकेटीतही बसत नव्हते, वर्ष गेलं.

त्या मार्चमध्ये चर्चच्या मंडळीत विद्यार्थ्यांसाठी खास प्रार्थना झाली होती. दर वर्षी होते. आम्ही सगळी मुलं पुढे जाऊन गुडघे टेकतो, वडीलधारी आमच्या डोक्यावर हात ठेवतात. मीही मनापासून मागितलं होतं. नापास झाल्यावरच्या रविवारी उपासनेनंतर एका बाईंनी माझा हात हातात घेतला आणि प्रेमाने म्हणाल्या, देवाची इच्छा नव्हती, बाळा. त्यांच्या मनात माझ्याबद्दल मायाच होती. पण त्या वाक्याने माझ्यासाठी दोन दारं एकदम बंद केली. कॉलेजचं तर झालंच होतं, आता चर्चचंही झालं. ज्याला माझी इच्छा नाही त्याच्याकडे मागायचं काय? पुढचे चार महिने मी उपासनेला गेले, उभी राहिले, बसले, रेव्हरंड टिळकांची भजनं टाळावर म्हटली, पण प्रार्थना एकही केली नाही. डोळे मिटायचे आणि अंधार बघायचा.

बोर्डिंग सोडावं लागलं. गावी आले. सकाळी बालवाडीत शिकवायचे, महिना दीडशे रुपये. दुपारी पुस्तक उघडायचे आणि मिटायचे. आजी सगळं बघत होती. एका संध्याकाळी मी तिला त्या बाईंचं बोलणं सांगितलं. तिने भाकरी उलटली, तव्यावर दाबली आणि म्हणाली, “मला त्याचं नाव वाचाया एक पावसाळा अन् एक उन्हाळा गेला, बाये. त्यवढ्यात तो कुठं निघून गेला न्हाय.”

नंतर म्हणाली, “आण तुझं पुस्तक. वाच मोठ्यानं.”

मी म्हटलं, आजी, ते इंग्रजी आहे, गणिताचं आहे, तुला काय कळणार?

“मला नगं कळू. तू वाच.”

आणि तिने माझं बोट धरून ओळीखाली ठेवलं.

पुढचं सांगताना मला फार जपून लिहावंसं वाटतं, कारण माझ्या सगळ्या शिक्षणातली खरी गोष्ट हीच आहे. मी सिद्धता वाचू लागले. आजी पाय पसरून, डोळे मिटून ऐकत होती. सहा-सात ओळी झाल्यावर तिने हात वर केला. “हितं तू पळालीस. परत.” मी परत वाचलं. पुन्हा त्याच जागी तिने थांबवलं. तिला एक शब्द कळत नव्हता, पण आवाज कळत होता. जिथे मला समजलं होतं तिथे माझा आवाज एका चालीत जाई, आणि जिथे समजलं नव्हतं तिथे मी नकळत वेग वाढवून ती ओळ ओलांडून जाई, जसं रात्री ओढ्याकाठच्या चिंचेखालून आपण पाय उचलून जातो. तिने ज्या-ज्या जागी थांबवलं, त्या प्रत्येक जागी खरोखरच मला काही कळलेलं नव्हतं. कॉलेजात मला कुणी हे दाखवून दिलं नव्हतं. ज्या बाईने ख्रिस्त हे जोडाक्षर ओलांडून पुढे जायला नकार दिला होता, तिला पळालेला आवाज लगेच ऐकू यायचा.

असं आम्ही वर्षभर केलं. रोज एक पान, कधी अर्धं. आधी ती एकशे एकोणिसाव्यातलं एक कडवं वाचायची, बोट ठेवून, अडखळत; मग मी माझं पान वाचायचे, बोट ठेवून, अडखळत. मध्ये प्रार्थना. ती तिची असायची आणि अगदी लहान. पोरीला पास कर, असं तिने त्या वर्षात एकदाही म्हटलं नाही. ती म्हणायची, देवा, उद्याबी आमाला हितं बसव. सुरुवातीला मला ते पुरेसं वाटायचं नाही. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं, की मीही तेवढंच मागू लागले आहे.

‘प्रत्येक’ आधी का, हे मला त्या वर्षी कार्तिकात एका संध्याकाळी कळलं. तुम्ही जितकी कडक अट घालाल तितकी घाला, मी तिला पुरा पडेन, असं ते वाक्य म्हणतं. अट आधी समोरच्याची, उत्तर नंतर आपलं, आणि अट बदलली की उत्तरही नव्याने शोधायचं. मी उठून अंगणात गेले. विहिरीवर कुणीतरी मोटर चालू केली होती. मला रडू आलं. ते कळल्याचं रडू होतं आणि कुणीतरी आपल्याला सोडून गेलेलं नाही याचंही. माझ्यापुरतं त्या संध्याकाळी त्या दोन गोष्टी एकच होत्या. श्रद्धेने मला एकाही प्रश्नाचं उत्तर सांगितलं नाही. न कळलेल्या पानासमोरून उठून न जाण्याची ताकद मात्र तिनेच दिली, आणि ती ताकद दुसरीकडून मिळाली असती असं मला वाटत नाही.

त्याच वर्षी मंडळीच्या कपाटातलं पंडिता रमाबाईंचं एक चरित्र वाचलं. त्याआधी माझ्या मनातल्या रमाबाई म्हणजे संस्कृत विदुषी, सगळं येत असलेली बाई. चरित्रात दिसली ती वेगळी. १८८३ साली इंग्लंडला गेली ती डॉक्टर व्हायच्या इच्छेने. कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीचा मार्ग बंद झाला. मग चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवत तिने स्वतः इंग्रजी, गणित, विज्ञान शिकायला घेतलं. तिथेच, इंग्लंडात, तिने बाप्तिस्मा घेतला. पुढे शारदा सदन, दुष्काळ, केडगावचं मुक्ती सदन, शेकडो बायका-मुलींचा संसार. आणि या सगळ्या व्यापात, पंचेचाळिशी ओलांडल्यावर, ही बाई पुन्हा पाटी घेऊन बसली. हिब्रू आणि ग्रीक शिकली, कारण तिला सगळं बायबल मुळातून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणायचं होतं. ते काम पंधरा वर्षांहून अधिक चाललं. छपाईसाठी खिळे जुळवायला मुक्तीतल्या मुली शिकल्या. कामाच्या अखेरीस तिची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी हात थांबला नाही. शेवटची प्रुफं तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, असं मुक्तीत सांगतात.

ज्या स्त्रीला वयाच्या विसाव्या वर्षी कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हटलं, ती पन्नाशीकडे जाताना आलेफ, बेथ, गिमेल गिरवत होती. मी हे आजीला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, “तिला कान नव्हते म्हणतीस?” कमी ऐकू यायचं, मी म्हटलं. “मग बोट ठिवूनच वाचत आसंल,” आजी म्हणाली.

लक्ष्मीबाई टिळकांचंही नाव इथे घ्यावंसं वाटतं. त्याही शाळेत न गेलेल्या. आमच्या जवळच्या राहुरीत त्यांचा संसार काही वर्षं होता. त्यांचे पती रेव्हरंड टिळक ‘ख्रिस्तायन’ अर्धवट टाकून १९१९ साली गेले, आणि तो ओवीबद्ध ग्रंथ पुढे नेला या बाईने. ‘स्मृतिचित्रे’ सगळे वाचतात आणि वाचावंच. पण नवऱ्याने सोडलेल्या ओवीपासून पुढची ओवी जुळवायला बसलेली ती पन्नाशी ओलांडलेली बाई मला जास्त जवळची वाटते.

पैशांचं सांगायचं राहिलं. ते सांगणं भाग आहे, कारण नुसत्या प्रार्थनेवर शिक्षण होत नाही आणि आमच्या लोकांच्या बाबतीत या गोष्टीला एक जुनी जखम आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माला बांधला गेला. १९५६ साली शीख त्यात आले, १९९० साली बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजूनही बाहेर आहेत. आमची वस्ती तीच, विहीर तीच, गावाच्या नजराही त्याच. पण शेजारच्या मुलीला मिळणारी शिष्यवृत्ती मला नव्हती, कारण माझ्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात ख्रिश्चन लिहिलं होतं. आईला एका कचेरीच्या खिडकीवरून तीनदा परत पाठवलं गेलं. चौथ्यांदा एका नातेवाइकाने सुचवलं, जुनी जात लाव, कागदावर हिंदू लिही, रविवारी कुठे जाता ते कोण बघायला येतंय? असं अनेकांनी केलं आहे. मुलांच्या शिक्षणासाठी केलं आहे. मी त्यांना कधी दोष दिला नाही, देणार नाही. दोष असलाच तर तो माणसाला श्रद्धा आणि फी यांतलं एक निवडायला लावणाऱ्या नियमाचा आहे, आणि तो नियम अन्यायाचा आहे असं मी आजही म्हणते.

आजीने नकार दिला. चिडून नव्हे. तिने फक्त विचारलं, मग मी ते नाव कशाला शिकले?

आई पाचव्यांदा त्या खिडकीवर गेली. आजी तिला लूकच्या अठराव्या अध्यायातल्या विधवेची गोष्ट सांगायची, त्या न्यायाधीशाचा पिच्छा न सोडणाऱ्या बाईची. आई स्वतः विधवा, सांगणारीही विधवा. खिडकीवरचं उत्तर शेवटपर्यंत बदललं नाही. हे मी लिहून ठेवते, कारण गोष्टीतली विधवा जिंकते म्हणून प्रत्येक खिडकी उघडते असं नाही.

फी आली ती भोपळ्यातून. आमच्याकडे कापणीचा सण असतो. शेतातलं पहिलं धान्य, बाजरीची कणसं, उसाची मोळी, कोंबडा, गावरान अंडी, जे ज्याच्याकडे असेल ते लोक वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. १९९४ च्या सणाला आजीने तिच्या कुडावरच्या वेलाचा एक भोपळा ठेवला. पाळकसाहेबांनी तो हातात घेतला आणि एवढंच म्हणाले, की यंदाच्या लिलावाचे पैसे मंडळीतल्या विद्यार्थ्यांच्या फीला जातील. माझं नाव घेतलं नाही. भोपळा एका मास्तरांनी पंचवीस रुपयांना घेतला आणि परत वेदीपाशी नेऊन ठेवला. पुन्हा बोली झाली. एका ट्रॅक्टरवाल्याने घेतला, परत ठेवला. असा तो पाच वेळा विकला गेला. पाचव्यांदा तो घेतला त्या बाईंनी, ज्यांनी मला देवाची इच्छा नव्हती असं सांगितलं होतं. त्यांनी तो परत ठेवला नाही, घरी नेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या घाऱ्या करून आमच्याकडे पाठवल्या. मी त्या खाल्ल्या आणि माझ्या मनातली अढी तिथेच सुटली. परीक्षा फी तीनशे ऐंशी रुपये होती. ती भरून पैसे उरले. ते दुसऱ्या एका मुलाच्या आयटीआयला गेले.

ऑक्टोबरात दोन विषय सुटले होते. एप्रिल १९९५ मध्ये अ‍ॅनालिसिस सुटलं, बेचाळीस गुणांनी. मला आयुष्यात यापेक्षा पुष्कळ जास्त गुण पुढे मिळाले, पण गुणपत्रिका जपून ठेवली ती हीच. तिसरं वर्ष रेंगाळलं, आईचं आजारपण आलं, १९९७ साली पदवी हातात आली. तीन वर्षांचं शिक्षण पाच वर्षांत झालं. एमएस्सी त्यानंतर, नोकरी करत, मूल लहान असताना, पुण्याला दर शनिवारी पहाटेच्या एसटीने जाऊन. ती वर्षं कष्टाची होती, पण त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मला बसायचं कसं हे तोवर येत होतं.

आजी १९९९ च्या जानेवारीत गेली. शेवटचे दिवस नगरच्या एका दवाखान्यात होती. तिचं शास्त्र उशाशी. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, अक्षरं धूसर झाली होती, तरी रोज एकशे एकोणिसावं उघडून बोट ठेवायची. एके संध्याकाळी तिचं बोट लामेदवर थांबलं, बाराव्या कडव्यावर, आणि पुढे सरकेना. मी वाचू का, विचारलं. तिने मान हलवली. उरलेली दहा कडवी, ऐंशी ओव्या, मी तिला तीन संध्याकाळी वाचून दाखवल्या. एकदाच तिने हात वर केला. मी घाई केली होती. शेजारच्या खाटेवर कुणाला तरी न्यायला आले होते आणि मी घाबरून दोन ओव्या एका श्वासात वाचल्या होत्या. मी मागे जाऊन पुन्हा वाचल्या.

ते शास्त्र आता माझ्याकडे आहे. आलेफपासून लामेदपर्यंत प्रत्येक ओळीखाली कागद मातकट झालेला आहे. मेमपासून पुढे तो थोडा उजळ आहे.

माझ्या वर्गात दर वर्षी मराठी माध्यमातली काही मुलं असतात. त्यांचा धर्म कोणता, हे मी विचारत नाही. तासानंतर थांबवून मी त्यांना सिद्धता मोठ्याने वाचायला लावते आणि डोळे मिटून ऐकते. आवाज कुठे पळतो ते मला आता ऐकू येतं.

हे वाचणाऱ्या माझ्या मंडळीतल्या भावाबहिणींना एकच विनंती आहे. यंदाचा निकाल लागल्यावर, एखादं मूल रविवारी मागच्या बाकावर जाऊन बसलं, तर त्याला देवाची इच्छा काय होती ते सांगू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा. कोणते विषय राहिले ते विचारा, आणि पुढच्या परीक्षेची फी भरायची शेवटची तारीख कोणती, तेही विचारून घ्या.